पायाचा निरोप डोक्यापर्यंत : माझी एसएसईपी तपासणी

१२ मे २०२४, रविवार. सकाळी बेसिनपाशी तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि नळ कपाळात बसला. चक्कर नव्हती, पायही घसरला नव्हता. डोळे मिटल्याबरोबर आपण सरळ उभ्या आहोत की पुढे कलतोय, हेच कळेनासं झालं होतं. कपाळाला टेंगूळ आलं. सासूबाई म्हणाल्या, "रात्री जागतेस, पित्त झालं असेल." नवऱ्याने बेसिनच्या उंचीला दोष दिला. मीही दोन दिवस दोघांचं ऐकलं, कारण ते सोयीचं होतं.

खरं तर फेब्रुवारीपासूनच तळपायांना मुंग्या येत होत्या. फरशीवर चालताना मधे पातळशी गादी अंथरल्यासारखं वाटायचं. एकदा ऑफिसच्या जिन्यात शिपायाने मागून हाक मारली, "बाई, चप्पल!" उजवी चप्पल दोन पायऱ्या मागे राहिली होती आणि मी अनवाणी पायाने वर चालले होते. मला पत्ताच नव्हता. त्यावर मी काय केलं, तर पट्ट्याच्या चपला घेतल्या.

मी बावन्न वर्षांची, राहायला कोथरूडला. एका शिक्षणसंस्थेच्या हिशेब विभागात काम करते. कर्मचाऱ्यांची वैद्यकीय बिलं तपासून पुढे पाठवायची किंवा त्रुटी काढून परत करायची, हे माझ्या टेबलाचं काम. अशी शेकडो बिलं हाताखालून गेली, पण "एसएसईपी" हा शब्द स्वतःच्या कागदावर येईपर्यंत वाचल्याचं आठवत नव्हतं. हातापायाला बारीक झटके देऊन त्यांचा निरोप मेंदूपर्यंत किती वेळात पोचतो ते मोजायचं, अशी ही तपासणी. ओळखीत ही तपासणी केलेलं कुणी सापडलंही नाही. म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे.

आधी घराजवळच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी साखर तपासली, ती बरोबर निघाली. मग कॅल्शियम दिलं. मीही आपलं शहाणपण करून केमिस्टकडून "नसांच्या गोळ्या" आणल्या आणि दोन आठवडे घेतल्या. ही चूक पुढे नडली. अशा गोळ्यांमध्ये बी-१२ असतं. रक्त तपासण्याआधी त्या घेतल्या की आकडा वर चढतो आणि मूळ स्थिती झाकली जाते. तेव्हा आधी रक्त द्या, मग गोळी किंवा इंजेक्शन घ्या. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेणं तर आणखी वाईट, असं नंतर न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलं. त्याने रक्तातला दोष सुधारल्यासारखा दिसतो आणि नसांची हानी आतल्या आत चालू राहते.

न्यूरॉलॉजिस्टची वेळ मिळाली १३ जूनची. फी १,२०० रुपये. वेळ सकाळी साडेदहाची होती, आत गेले सव्वा वाजता. डॉक्टरांनी कंपनकाटा हातावर आपटला आणि त्याची दांडी माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर टेकवली.

"काय जाणवतंय?"

"गार लागतंय."

"गार नको. थरथर जाणवते का?"

नव्हती जाणवत. घोट्यावरही नाही. गुडघ्यावर अगदी पुसट. मग त्यांनी तोच काटा गळ्याजवळच्या हाडावर टेकवला आणि तिथे मधमाशी बसल्यासारखं झालं. म्हणजे काटा थरथरत होता, खोट माझ्या पायात होती. मग डोळे मिटायला सांगून अंगठा वर-खाली हलवला आणि कुठल्या दिशेला नेला ते विचारलं. दहातली चार उत्तरं चुकली. शेवटी पाय जुळवून उभं राहायचं आणि डोळे मिटायचे. एक तरुण डॉक्टर दोन्ही हात पसरून माझ्याभोवती उभा राहिला आणि बरं झालं राहिला. बेसिनची गोष्ट सांगितली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तोंड धुताना पडतो, हे पेशंटच्या तोंडून आलं की आमचं अर्धं काम होतं, ताई." पाय कुठे आहे ही खबर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूकडे जाते. ती नीट पोचली नाही तर माणूस डोळ्यांनी बघून तोल सांभाळतो. डोळे मिटले की तोही आधार जातो.

मग प्रश्न सुरू झाले. मांसाहार? नाही, अंडंही नाही. दूध? आवडत नाही, चहातलं तेवढंच. दही? कधीतरी. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या? सहा वर्षं रोज एक, सकाळी उपाशीपोटी. इथे त्यांनी पेन खाली ठेवलं. अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं, ते सुटायला पोटातलं आम्ल लागतं. आम्ल वर्षानुवर्षं गोळीने दाबून ठेवलं तर आधीच कमी येणारं बी-१२ आणखी कमी मिळतं. पालेभाजी आणि मोड आलेल्या कडधान्यांवर माझा फार भरवसा होता. त्यांच्यात ते नसतंच.

कागदावर यादी आली : रक्त, पायांतल्या नसांची एनसीव्ही, मानेचा आणि पाठीचा एमआरआय, चारही हातापायांची एसएसईपी आणि डोळ्यांची व्हीईपी, म्हणजे डोळ्यांचा निरोप मेंदूपर्यंत किती वेळात पोचतो ते बघायची तपासणी.

शनिवारी, १५ जूनला रक्त दिलं. २,९०० रुपये. १७ तारखेला रिपोर्ट आला. बी-१२ १७६, लॅबची खालची मर्यादा २०० च्या वर. दोन आठवडे गोळ्या खाऊन १७६. होमोसिस्टीन, म्हणजे बी-१२ कमी पडलं की रक्तात साठणारा घटक, मात्र ४८ निघालं, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट. गोळ्यांनी एक आकडा रंगवला होता, दुसऱ्याने खरं सांगितलं. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळपासून इंजेक्शन सुरू करायला सांगितलं, एक दिवसाआड १,००० मायक्रोग्रॅम. बाकीच्या तपासण्यांसाठी थांबायचं नाही.

यावर मुलीचा प्रश्न : "कारण सापडलंय, औषध सुरू झालंय, मग आता शॉक घेऊन पैसे कशाला घालवायचे?" मलाही तो पटला. फोनवर डॉक्टरांना तसंच विचारलं. ते म्हणाले, "ताई, बी-१२ कमी असलेली माणसं पुण्यात वाटेल तेवढी मिळतील. सगळी काही बेसिनवर आपटत नाहीत. तुमचा आकडा कमी आहे आणि तुमचे पाय बधिर आहेत. या दोन गोष्टींचा संबंध आहे की नाही, हे बघायला नको का? शिवाय सहा महिन्यांनी सुधारलं की नाही हे कशाशी ताडून बघायचं?"

घरी येऊन मी वाचायला बसले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्यातल्या बी-१२ च्या कमतरतेवर कित्येक वर्षं काम करत आले आहेत. पुण्यातल्या २०४ जणांची तपासणी करून २००१ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या रक्तात बी-१२ कमी पडत असल्याच्या खुणा होत्या. म्हणजे आमच्या सोसायटीत कुणालाही धरून आणून रक्त काढलं तरी आकडा कमी येण्याचीच शक्यता जास्त. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर तूट सगळ्यांच्याच खात्यात आहे. माझ्या पायांचा चेक नेमका त्याच तुटीमुळे परत आला का, हे वेगळं तपासायला हवं. एवढं कळल्यावर माझी कुरकुर थांबली.

१८ जूनला एनसीव्ही झाली. २,८०० रुपये, पाऊण तास. हिच्यात पायाच्या नसेला एका जागी झटका देऊन तो दुसऱ्या जागी किती वेगाने पोचतो ते मोजतात. ही तपासणी फक्त हातापायातल्या नसेपुरती, पुढे कण्यात काय होतं ते तिला दिसत नाही. झटके कडक होते, दोन वेळा तोंडातून "आई गं" निघालं. रिपोर्ट जवळजवळ नॉर्मल आला आणि मी खूश झाले. डॉक्टर मात्र खूश दिसले नाहीत. गल्लीतली वाहतूक सुरळीत असेल तर खोळंबा पुढे हायवेवर आहे, एवढाच त्याचा अर्थ होता. एमआरआय २४ जूनला झाला. त्याबद्दल एवढंच सांगते की मंगळसूत्र, जोडवी, पिना सगळं घरी ठेवून जा. आणि आवाज फार असतो.

एसएसईपी-व्हीईपीची वेळ मिळाली सोमवार १ जुलै, सकाळी दहा. फोनवर वेळ देणाऱ्या मुलीने "केस धुऊन या, तेल लावू नका" एवढंच सांगितलं. त्या वर्षी १ जुलैला पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या, हे ना तिच्या लक्षात आलं ना माझ्या. आदल्या दिवशी संध्याकाळी टीव्हीवर रस्ते बंदची यादी बघितली तेव्हा ट्यूब पेटली. सकाळी आठपासून हॉस्पिटलला फोन लावला, तो साडेनऊला उचलला गेला. नवी तारीख ९ जुलै, मंगळवार. दरम्यान दोनदा तेल न लावता केस धुतले. सासूबाईंना ते अजिबात पटलं नाही.

९ जुलैला आनंदनगरहून मेट्रोने निघाले. पायांचा भरवसा नसल्यामुळे सरकत्या जिन्याला टाळून लिफ्ट घेतली आणि मुलीचा दंड धरला. हॉस्पिटलमध्ये आधी तळमजल्यावर केस पेपर, मग बिलिंगची रांग, मग पावती घेऊन तिसरा मजला. चार हातापायांची एसएसईपी ४,२००, व्हीईपी १,८००, आणि "इलेक्ट्रोड चार्जेस" ४००. एकूण ६,४००. मेडिक्लेममध्ये हे बसत नव्हतं, कारण आमच्या पॉलिसीत अ‍ॅडमिट न होता केलेल्या तपासण्यांना पैसे मिळत नाहीत.

बाहेर बाकावर एक तरुण आई आठ महिन्यांच्या बाळाला मांडीवर थोपटत होती. त्याची बेरा होती, कानात टकटक आवाज सोडून तो मेंदूच्या देठापर्यंत पोचतो का ते बघायची तपासणी. बाळ झोपल्याशिवाय ती करता येत नाही. झोपेचं सिरप देऊन झालं होतं, पण बाळ टक्क जागं. आजी बाळाला सांगत होती, "झोप रे राजा, तुझ्यासाठी सगळी ओपीडी थांबलीय." माझा नंबर त्यांच्यानंतर होता. बाळ झोपलं साडेअकराला. मी आत गेले सव्वाबाराला. चिडचिड होईना, उलट ते झोपावं म्हणून मीच मनातल्या मनात अंगाई म्हणत होते.

टेक्निशियन पंचविशीतला मुलगा होता. आधी "मॅडम", दहा मिनिटांत "काकू". त्याने पहिल्यांदा माझी उंची मोजली. मी विचारलं, "शॉक द्यायला उंची कशाला?" म्हणाला, "काकू, पायाकडून डोक्याकडे यायला उंच माणसाला रस्ता लांब पडतो. उंचीप्रमाणे वेळेची मर्यादा बदलते." १५३ सेंटिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. मग हात-पाय गार आहेत का ते बघितलं. गार पायात निरोप हळू जातो, म्हणून एसीच्या खोलीत पायांवर पांघरूण घातलं. पायमोजे आणि शाल घरूनच नेली तर बरं. आणि पेसमेकर असेल तर तो पहिल्याच मिनिटाला सांगायचा. मला त्याने तो प्रश्न दोनदा विचारला.

मग शिंप्यासारखी टेप काढली. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मापं घेतली आणि मेणाच्या पेन्सिलीने टाळूवर खुणा केल्या. प्रत्येक खुणेवर केस बाजूला करून वाळूसारख्या खरखरीत पेस्टने त्वचा घासली. पूर्ण तपासणीत मला सगळ्यात नकोसं वाटलं ते हेच घासणं. मग पांढरी चिकट पेस्ट लावून छोट्या वाटीसारखे धातूचे तुकडे चिकटवले. तेल का चालत नाही ते तेव्हा कळलं. तेलकट टाळूवर ही वाटी नीट चिकटत नाही आणि संदेश धड उचलला जात नाही.

व्हीईपी आधी, कारण तिला जागं राहावं लागतं. अंधाऱ्या खोलीत समोर एक पडदा, त्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन, मधे लाल ठिपका. चौकोन सेकंदाला दोनदा उलटसुलट होतात, काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे काळे. एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने ठिपक्याकडे बघत राहायचं. दोन मिनिटांत माझी नजर सैल पडायला लागली. "काकू, ठिपका!" मी दचकले. चष्मा असेल तर नक्की न्या, अंधूक दिसलं तर उत्तर उशिरा येतं. डोळ्यांत बाहुली मोठी करायचं औषध घातलं असेल तर त्या दिवशी ही तपासणी होत नाही. मेंदूच्या मागच्या भागात साधारण १०० मिलिसेकंदाला एक मोठी लाट उठते, तिची वेळ बघायची असते. माझ्या दोन्ही डोळ्यांच्या लाटा त्याच्या थोड्या पुढे होत्या, पण मर्यादेत होत्या. हे अर्थात नंतर कळलं.

आता मुख्य काम. उताणी झोपले, डोक्याखाली मऊ उशी. गळ्याजवळच्या हाडाच्या वर, मानेवर, कमरेवर आणखी तारा. मनगटावर आतल्या बाजूला दोन गोल टोकांचं यंत्र टेकवलं. झटका हळूहळू वाढवत नेतात. आधी टिचकी, मग चिमटा, आणि मग माझा अंगठा माझी परवानगी न घेता उडी मारायला लागला. तिथे त्याने जोर थांबवला. अंगठा नुसता दिसण्याइतका हलला की पुरे, त्याहून जास्त लागत नाही. एनसीव्हीच्या मानाने हे सौम्य होतं. दुखण्यापेक्षा कंटाळाच जास्त. टिकटिक, टिकटिक, सेकंदाला चार-पाच. बोलायचं नाही, गिळायचं कमी, दात आवळायचे नाहीत. मी आवळत होते. "काकू, जबडा सोडा. मानेचे स्नायू ताठ झाले की माझी लाइन केसाळ होते. झोप आली तर झोपा, यात चालतं."

झोप कसली! मान न हलवता मला पडद्याचा कोपरा दिसत होता. आधी सगळी थरथरती रेघ. शे-दोनशे झटक्यांनंतर तिच्यात उंचवटे दिसायला लागले. हे कसं होतं ते मी त्याला मधल्या सुट्टीत विचारलं, कारण एक हजार वेळा तोच झटका कशाला, हे मला कळत नव्हतं. तो म्हणाला, "काकू, मेंदूत सारखा गोंधळ चालू असतो, त्यात आपला निरोप फार बारीक." मी ते माझ्या पद्धतीने समजून घेतलं. विसर्जनाला लक्ष्मी रोडवर ढोल-ताशे चालू आहेत आणि गॅलरीतलं एक पोर आपण खूण केल्यावर बरोब्बर ठरावीक वेळाने टाळी वाजवतंय. एकदा ऐकून काही कळणार नाही. हजार वेळा खूण करून प्रत्येक वेळचा आवाज नोंदवला आणि सगळ्यांची सरासरी काढली, तर ढोल कधी वर कधी खाली म्हणून एकमेकांना खोडतात. टाळी दर वेळी त्याच क्षणाला, म्हणून ती शिल्लक राहते. लंडनमध्ये जॉर्ज डॉसन यांनी १९४७ मध्ये हेच पडद्यावरच्या रेघांचे फोटो एकावर एक घेऊन दाखवलं होतं. मग १९५१ मध्ये सरासरी काढणारं यंत्रच तयार केलं. तेव्हा संगणक टेबलावर आलेले नव्हते.

प्रत्येक हातापायाचं मोजमाप दोनदा करतात आणि दोन रेघा एकावर एक बसतात का ते बघतात. आमच्याकडे रोख रक्कम दोघांनी मोजायची पद्धत आहे, तसंच. हात झाले, दोन्ही पटकन जुळले. मग पाय. घोट्याच्या आतल्या हाडामागे झटका आणि पायाचा अंगठा खाली वळायला लागला. गंमत म्हणजे अंगठा हलताना मला दिसत होता, पण हलल्याची जाणीव जवळजवळ नव्हती. दुसऱ्याच कुणाचा तरी पाय माझ्या पांघरुणाखाली ताल धरून बसल्यासारखा. फेब्रुवारीपासून जे शब्दांत सांगता येत नव्हतं ते त्या पाच मिनिटांत मला समोर दिसलं. रडू आलं. मी ते गिळलं, कारण लाइन केसाळ झाली असती.

उजवा पाय त्याने तिसऱ्यांदा केला. चौथ्यांदाही. मी विचारलं, "काय रे, काही गडबड?" "रिपोर्ट डॉक्टर देतील, काकू." सगळे टेक्निशियन हेच सांगतात आणि ते योग्यच आहे. पण तारा लावून पडलेल्या माणसाला त्या वाक्यात फार काही ऐकू येतं. पुन्हा पुन्हा मोजलं म्हणजे वाईटच असं नसतं. रेघा जुळेपर्यंत त्यांना करावंच लागतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर तो अर्धा तास बरा गेला असता.

बाहेर आले तेव्हा तीन वाजत आले होते. केसांत पांढरे गोळे. मुलगी म्हणाली, "आई, कबूतर बसून गेल्यासारखं दिसतंय." ओढणी डोक्यावरून घेतली आणि तशीच मेट्रोत बसले. ती पेस्ट कोमट पाण्याने निघते, दोनदा शाम्पू करावा लागतो. त्या दिवशी पुढे कुठे जायचं ठरवू नका.

११ जुलैला रिपोर्ट हातात आला. सहा पानं, डोंगर-दऱ्या आणि आकड्यांचे तक्ते. मला वैद्यकशास्त्र कळत नाही, पण तक्ता समोर आला की डोळे आपोआप वरच्या ओळीपासून खाली जातात. दुसऱ्याच ओळीत उंची १६३ छापलेली. मी १५३. दहा सेंटिमीटर! टाइप करताना बोट घसरलं असणार, माझ्या टेबलावरही अशा चुका रोज येतात. पण १६३ च्या मर्यादेप्रमाणे डावा पाय "सीमेवर, नॉर्मल" ठरत होता. दुसऱ्या दिवशी रजा टाकून पुन्हा गेले. खिडकीवर आधी "उंचीने काय फरक पडतो?" असं ऐकावं लागलं. तो टेक्निशियन मुलगा भेटला आणि त्याने स्वतःची वही काढली, तिच्यात १५३ च होते. तासाभरात सुधारलेला, नव्या सहीचा रिपोर्ट मिळाला. नाव, वय, उंची आणि डावं-उजवं, एवढं खिडकी सोडण्याआधी तिथेच बघून घ्या.

१५ जुलैला डॉक्टरांनी तो वाचून दाखवला. हातांचे निरोप मनगटापासून मेंदूपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांत पोचत होते, हे बरोबर. घोट्यापासून ते सदतीस-अडतीसच्या आसपास पोचायला हवे होते. माझा उजवा ४६.८, डावा ४३.२. आणि कमरेवरच्या तारेपाशी दोन्ही वेळेवर हजर होते. उशीर कमरेच्या वर, मज्जारज्जूत होत होता. एमआरआयमध्येही मज्जारज्जूच्या मागच्या भागात पुसट पांढरी छटा होती. बी-१२ कमी पडल्यावर जिथे झीज होते, तीच ही जागा. डॉक्टर म्हणाले, "आता रक्त, पाय आणि फोटो, तिघांचा जबाब एक आला." नऊ मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभरावा भागसुद्धा नाही. पण नीट चालणारा निरोप ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे धावत असतो. त्यात एवढा खोळंबा म्हणजे मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं बरंच आवरण झिजलं. मी विचारलं, "भरून येईल?" ते म्हणाले, "लवकर आलात तर बरंच येतं. तुम्ही पाच महिन्यांनी आलात. बघू." हे "बघू" मला आवडलं नाही, पण खोटं आश्वासन दिलं नाही हे बरं केलं.

एक दिवसाआड, मग आठवड्याला एक, मग महिन्याला एक, असा इंजेक्शनचा क्रम. अ‍ॅसिडिटीची गोळी टप्प्याटप्प्याने बंद झाली, जेवण लवकर आणि चहा दोनच वेळा. जुलैच्या शेवटी इंजेक्शनचा वार गुरुवार झाला. २५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. इंजेक्शन देणारी सिस्टर तिकडचीच. तिचा दुपारी फोन आला, "ताई, आज नाही जमणार, घरातला फ्रीज तरंगतोय." मीच तिला विचारत होते काय मदत हवी ते. इंजेक्शन शनिवारी घेतलं, त्याने काही बिघडत नाही.

पहिले दोन महिने फरक शून्य. हे मुद्दाम लिहिते, कारण त्या काळात मी गुपचूप रोज डोळे मिटून बघायची आणि निराश व्हायची. ऑक्टोबरात एका सकाळी फरशी गार लागली. नुसती गार! नवऱ्याला उठवून सांगितलं, त्याने "बरं" म्हणून कूस बदलली. दिवाळीत पणत्या लावताना वाकले तेव्हा आधार घेतला नाही, हे मला नंतर मुलीने सांगितलं.

१६ जानेवारी २०२५ ला पुन्हा तपासणी झाली, या वेळी फक्त पायांची, २,४०० रुपये. तोच मुलगा, तीच टेप. उंची मोजून त्याने कागद माझ्यापुढे धरला, "काकू, बघून घ्या, १५३." उजवा ४३.९, डावा ४१. अजून उशीर आहे, पण कमी झालाय. अंगठा हलला तेव्हा पुसटसं का होईना, हलल्याचं कळलं. तोंड धुताना डावा हात मी अजून बेसिनच्या कडेला ठेवते.

राहिला बिलाचा मामला. ऑगस्टमध्ये मी संस्थेकडे प्रतिपूर्तीचा अर्ज केला. स्वतःचं बिल स्वतः तपासायचं नाही असा नियम असल्याने ते शेजारच्या टेबलावर गेलं. तिसऱ्या दिवशी त्रुटी आली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "एसएसईपी, चारही" असं लिहिलेलं, पावतीवर "ईपी स्टडी". नावं जुळत नाहीत, खुलासा जोडावा. तीन वर्षांपूर्वी अशीच त्रुटी काढून मीच कुणाला तरी हॉस्पिटलच्या दोन खेपा घालायला लावल्या होत्या, ते आठवलं. हॉस्पिटलने "ईपी स्टडी म्हणजेच एसएसईपी व व्हीईपी" असं शिक्क्यासह लिहून द्यायला नऊ दिवस घेतले. तुम्हाला बिल कुठे लावायचं असेल तर बिलिंगच्या खिडकीवरच सांगा की चिठ्ठीवर आहे तेच नाव पावतीवर येऊ दे.

पैसे फेब्रुवारीत जमा झाले. इलेक्ट्रोड चार्जेसचे ४०० रुपये वजा करून. शेरा होता, "सामग्री खर्च ग्राह्य नाही." तो नियम मला पाठ आहे, त्यामुळे भांडताही आलं नाही.